शरीर कोणाच्या कामी?



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो ते हाडाचे शिक्षक होते. शिकवणं म्हणजे नुसतं सांगणं, असं त्यांनी कधी मानलं नाही; ते करून घ्यायचे. म्हणून त्यांच्या नावाने होणाऱ्या या व्याख्यानासाठी मी अशा माणसांचा विषय घेतला आहे, ज्यांनी तत्त्वज्ञानालाही सरावाचीच गोष्ट मानलं. ती माणसं आपल्यापासून फार दूरची आहेत. ग्रीस, रोम, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा आणि त्याआधीचा काळ. पण त्यांनी विचारलेला प्रश्न गोंदिया जिल्ह्यात आज रोज पहाटे रस्त्यावर दिसतो. शरीर कमवायचं ते कशासाठी? आणि कमावलेलं शरीर कोणाच्या कामी आलं पाहिजे?

ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास अथेन्सच्या बाजारात चित्रांनी सजवलेली एक ओसरी होती. तिथे सायप्रसहून आलेला झीनो येरझारा घालत शिकवायचा. ग्रीक भाषेत अशा ओसरीला स्टोआ म्हणतात, म्हणून ही मंडळी स्टोइक झाली. त्यांचे ग्रंथ आणि वाद पंडितांवर सोपवू या. आज मला त्यांची शरीरं कशी होती ते सांगायचं आहे, कारण त्यांचं निम्मं तत्त्वज्ञान तिथेच कळतं.

झीनोनंतर त्याच्या गादीवर क्लिअँथीस बसला. तो आधी मुष्टियोद्धा होता. खिशात चार द्राख्मा घेऊन अथेन्सला आला. दिवसा गुरूकडे शिकायचा आणि रात्री एका बागवानाकडे विहिरीचं पाणी शेंदायचा. लोकांना संशय आला की याला कामधंदा दिसत नाही, मग याची तब्येत एवढी दणकट कशी? त्याला न्यायासनापुढे उभं केलं. त्याने साक्षीदार म्हणून दोन माणसं आणली. ज्याच्या बागेला तो पाणी घालायचा तो बागवान, आणि जिच्याकडे तो पीठ दळायचा ती बाई. न्यायाधीश इतके प्रसन्न झाले की त्यांनी त्याला बक्षीस द्यायचं ठरवलं, आणि झीनोने ते घेऊ दिलं नाही, अशी कथा आहे. बघा, दणकटपणाचा पुरावा म्हणून या माणसाने काय दाखवलं? त्याने दंड ठोकून दाखवले नाहीत. आपले श्रम ज्यांच्या कामी आले ती माणसं त्याने उभी केली. माझं आजचं सगळं म्हणणं या एका प्रसंगात आहे.

क्लिअँथीसनंतर आलेला क्रायसिपस आधी लांब पल्ल्याचा धावपटू होता. म्हणजे एक मुष्टियोद्धा, एक धावपटू. मग कोणी म्हणेल, हा पैलवानांचाच पंथ होता. पुढची नावं ऐका. सेनेकाला दम्याचा त्रास. मार्कस ऑरेलियस, रोमचा सम्राट, तरुणपणी कुस्ती खेळलेला, पण पुढे तब्येतीने नाजूक. त्याच्या राज्यात मोठी साथ आली, सरहद्दीवर वर्षानुवर्षं लढाया चालल्या, आणि त्या छावण्यांतून तो स्वतःसाठी टिपणं लिहीत राहिला. आणि एपिक्टेटस. जन्माने गुलाम, पायाने लंगडा. कोणी म्हणतात मालकाने पाय मोडला, कोणी म्हणतात आजाराने गेला. हा लंगडा गुलाम पुढे स्वतंत्र झाला आणि त्याच्या शाळेत रोमच्या बड्या घरांतली मुलं शिकायला आली.

आता सांगा, एकाच परंपरेत मुष्टियोद्धाही थोर आणि लंगडाही थोर, हे कसं जमलं? ते जमलं, कारण स्टोइकांनी एक फार कडक गोष्ट सांगितली. चांगला म्हणण्याजोगा फक्त सद्गुण. विवेक, धैर्य, संयम आणि न्याय, एवढंच. बाकी सगळं, पैसा, रूप, कीर्ती आणि आरोग्यसुद्धा, हे ना चांगलं ना वाईट. आरोग्य आणि आजार यांतून निवडायला मिळालं तर माणसाने आरोग्यच निवडावं. ते त्यांना मान्य होतं. पण निरोगी आहे म्हणून कोणी सज्जन ठरत नाही आणि आजारी आहे म्हणून कोणी उणा पडत नाही.

हे ऐकायला कोरडं वाटतं. पण आपल्या गावात बघा ना. बळकट हात धानाचं पोतं उचलतो. तोच हात रात्री दारू पिऊन बायकोवर उगारला जातो. बळ तेच, हातही तोच. मग बळाला चांगलं कसं म्हणायचं? त्याचा वापर चांगला किंवा वाईट.

एपिक्टेटस विद्यार्थ्यांना एक गोष्ट सांगायचा. पैलवानाला म्हटलं, तुझे खांदे दाखव, आणि त्याने आपली व्यायामाची वजनं आणून दाखवली, तर काय कळणार? वजनांनी तुझ्यात काय फरक पडला ते दाखव. ग्रंथ किती वाचले हे फुशारकीने सांगणाऱ्यांना तो हे ऐकवत असे. व्यायामालाही ते तसंच्या तसं लागू आहे. आज शहरात जिम आहेत, मोठे आरसे आहेत, प्रोटीनच्या पावडरीचे डबे आहेत, मोबाइलवर दंडाचे फोटो आहेत. जिमला माझा मुळीच विरोध नाही. सेनेकाने आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात छोटे, सोपे व्यायाम सुचवले आहेत: धावणं, वजनं उचलणं, उड्या मारणं. थोड्या वेळात दमवतील असे, आणि मग लवकर मनाकडे परत ये, असा त्याचा सल्ला. म्हातारपणी तो स्वतः एका लहान मुलाबरोबर धावायचा. नुसती मान आणि खांदे फुगवण्यात दिवस घालवणं त्याला विचारी माणसाला न शोभणारं वाटे. मलाही तसंच वाटतं.

आता पहाटेच्या रस्त्याकडे येऊ.

आपल्या जिल्ह्यात थंडीचा कडाका जबर असतो. विदर्भातला पारा अनेकदा गोंदियातच सगळ्यांत खाली जातो. त्या धुक्यात गावोगावच्या रस्त्यांवर पोरं-पोरी धावत असतात. कोणाला पोलीस भरती द्यायची आहे, कोणाला सैन्यात जायचं आहे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणीचे ५० गुण, पुढे लेखी १०० गुणांची. कारखाने थोडे, जमीन तुकड्या-तुकड्यांची, म्हणून ही धाव अनेक घरांची मोठी आशा झाली आहे. मला या पोरांचं फार कौतुक वाटतं. आणि मला त्यांची काळजीही वाटते.

कारण जागा थोड्या आणि धावणारे पुष्कळ. मग जे राहतात त्यांचं काय? त्यांनी काय समजायचं? आपलं सगळं फुकट गेलं?

इथे स्टोइकांचा सगळ्यांत प्रसिद्ध विचार कामाला येतो. काही गोष्टी आपल्या हातात आहेत, काही नाहीत. आपला विचार, आपला प्रयत्न, आपली इच्छा-अनिच्छा आपल्या हातात. शरीर, मालमत्ता, लोकांचं मत, पद, हे पूर्णपणे आपल्या हातात नाही. त्यांनी तिरंदाजाचा दाखला दिला आहे. तिरंदाजाने नेम नीट धरावा, धनुष्य नीट ओढावं, बाण नीट सोडावा. त्यापुढे वारा आहे, निशाण हलू शकतं. त्याचं काम बाण सुटेपर्यंत. तसंच पहाटे उठणं तुमच्या हातात. धाव पूर्ण करणं तुमच्या हातात. जागा किती निघतील, कट-ऑफ कुठे थांबेल, हे तुमच्या हातात नाही. म्हणून भरतीत नाव लागलं नाही तर तुमची जागा गेली, तुम्ही गेला नाहीत. त्या पहाटांनी तुमच्यात जी शिस्त आली ती कुठल्याही यादीवर अवलंबून नाही.

पण एपिक्टेटसने याची दुसरी बाजूही सांगितली आहे, आणि ती कडू आहे. ऑलिम्पिक जिंकायचं आहे? मग आधी हिशेब कर. ठरलेलं अन्न, उन्हाथंडीत सराव, दुखापत, आणि एवढं करून हारही. हा सगळा हिशेब मान्य असेल तरच उतर. नाहीतर आज पैलवान, उद्या वक्ता, परवा आणखी काही, असं लहान मुलासारखं होईल. तरुणांनो, तीन-चार वर्षं भरतीच्या मागे असताना हातात दुसरं शिक्षण, दुसरं कौशल्य ठेवा. हे तुम्हाला कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

याच पोरांशी आणखी एक बोलायचं आहे. पाच किलोमीटर धावून आलेला मुलगा परतताना पानटपरीवर थांबतो आणि खर्ऱ्याची पुडी घेतो. सुपारी, तंबाखू, चुना, घोटून घोटून मऊ केलेला. आपल्या पूर्व विदर्भात खर्रा पाहुण्यालाही देतात, मजुरालाही देतात. राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी आली, पण खर्रा टपरीवर घोटला जातच राहिला. सुपारीने गालाच्या आतली त्वचा ताठ होत जाते, तोंड उघडेनासं होतं, दोन बोटंही आत जात नाहीत, तिखट सोसत नाही, आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. दंतवैद्यांना विचारा, ते किती तरुण तोंडं बघतात.

स्टोइकांच्या चार सद्गुणांत संयम का आहे हे इथे कळतं. गुलामगिरी भोगलेला एपिक्टेटस म्हणायचा की जो आपल्या वासनेचा बांधील आहे त्याला कोणी मुक्त केलं तरी तो मुक्त नाही. हे ज्याच्या तोंडून येतं त्याने मालकाचा हुकूम अंगावर झेललेला होता, हे विसरू नका. पहाटे चारला उठण्याएवढा निश्चय ज्याच्यात आहे, त्याला पुडी टाकून देता येणार नाही? येईल. सोबत्यांनी साथ दिली तर लवकर येईल.

पण मी इथे थांबलो तर अन्याय होईल. कारण खर्रा बायाही खातात. रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकून वाकून पऱ्हे लावणाऱ्या बाईला विचारा, ती सांगते, याने भूक मरते, कंबरेचं दुखणं विसरायला होतं. वर पाऊस, पायाखाली चिखल, दिवसभर वाकलेली पाठ. तिला कोणी व्याख्यान देऊन व्यायामाचं महत्त्व सांगावं का? स्वतःच्या तब्येतीला तूच जबाबदार, असं म्हणावं का? अजिबात नाही.

व्यक्तिगत जबाबदारी हा शब्द फार सांभाळून वापरला पाहिजे. सुखवस्तू माणसं तो गरिबांवर फेकतात. स्टोइकांनी तो असा वापरलेला नाही. मुसोनियस रूफस हा एपिक्टेटसचा गुरू. त्याची व्याख्यानं शिष्यांनी लिहून ठेवली म्हणून काही आपल्यापर्यंत आली. त्याने सरावाचे दोन प्रकार सांगितले. एक केवळ मनाचा, दुसरा मन आणि शरीर या दोघांचा: थंडी, ऊन, तहान, भूक, साधं अन्न, कठीण बिछाना यांची सवय. आणि त्याचं कारणही सांगितलं. जीवनातली कामं करताना सद्गुणाला शरीर हे हत्यार लागतं, म्हणून हत्यार धारदार ठेवायचं. हाच मुसोनियस म्हणतो की मुलींनाही मुलांसारखंच तत्त्वज्ञान शिकवा, सद्गुण दोघांचा एकच. आणि तत्त्वज्ञाने पोट कशावर भरावं असं विचारलं तर त्याचं उत्तर होतं: शेती. नीरोने त्याला एका ओसाड, बिनपाण्याच्या बेटावर हद्दपार केलं. तिथे त्याने पाण्याचा झरा शोधून काढला, असं सांगतात.

या दृष्टीने बघितलं तर रोवणीतली बाई सराव करतेच आहे. थंडी, ऊन, भूक, तहान, सगळं तिने पाठ केलं आहे. तिच्या बाबतीत सद्गुणाची परीक्षा आपली आहे. तिची मजुरी वेळेवर देणारा मालक, तिचं रक्त तपासणारी आरोग्यसेविका, घरी आल्यावर पाण्याची घागर स्वतः भरणारा नवरा, शाळेतून आल्यावर भाकरी करायला हात लावणारा मुलगा. एपिक्टेटस जबाबदारी अशीच मोजतो. तू मुलगा आहेस, भाऊ आहेस, नगराचा नागरिक आहेस. प्रत्येक नात्यातून तुझं कर्तव्य निघतं. समोरचा कसा वागतो याचा हिशेब नंतर, आधी तुझी भूमिका तू पार पाड.

आपल्याकडे ही दृष्टी नवी आहे का? मुळीच नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत गावाच्या आरोग्याचा विचार गावाच्या धर्माबरोबरच केला. अमरावतीत १९१४ मध्ये सुरू झालेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ देशसेवेसाठी माणूस घडवायला निघालं होतं. पण आपल्या जिल्ह्यातला पुरावा त्याहून जुना आहे आणि तो जमिनीत आहे. आपले तलाव. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव आणि बोड्या. नवेगावबांधच्या तलावाशी कोलू पाटील कोहळी यांचं नाव परंपरेने जोडलेलं आहे. हजारो माणसांनी माती वाहिली, पाळी बांधल्या, तेव्हा हा भाताचा मुलूख झाला. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, ती जायलाच हवी होती. पण तलावांची देखभाल ज्या हातांत होती ते हात बाजूला झाले, आणि नवे हात पुरेसे पुढे आले नाहीत. गाळ साचला. माजी मालगुजारी तलाव, आपण त्यांना मामा तलाव म्हणतो, आणि मामाकडे बघायला कोणाला वेळ नाही.

कोणालाच नाही, असं म्हणणं मात्र चूक. अर्जुनी मोरगाव परिसरात ढीवर समाजाच्या बायांनी काही तलावांत उतरून बेशरमची झाडं मुळासकट उपटली, उन्हाळ्यात तळ नांगरला, देशी पाणवनस्पती लावल्या, म्हणजे देशी मासे परत यावेत. पूर्वी मासेमारीच्या सोसायटीत ज्यांचा शब्द चालत नव्हता, त्या बायांनी हे केलं. त्यांना कोणी फिटनेस शिकवला नाही. पण क्लिअँथीसला ज्या न्यायाधीशांनी निर्दोष ठरवलं, त्यांच्यापुढे या बाया उभ्या राहिल्या तर साक्षीला अख्खा तलाव येईल.

मित्रहो, आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा. आपल्या भागाचा स्वतःचा एक आजार आहे: सिकलसेल. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, हा सगळा पट्टा. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडं फुटावीत तशा वेदना होतात. पाणी कमी पडलं, थंडी लागली, ताप आला, अति श्रम झाले की दुखणं उसळतं. हा संसर्ग नाही, कोणाच्या पापाचं फळ नाही. जिथे शतकानुशतके हिवताप होता त्या जंगलपट्ट्यात हा गुण टिकला, कारण एकच दोषी जनुक असलेलं मूल हिवतापात जास्त तगतं. म्हणजे आपल्या पूर्वजांना ज्याने वाचवलं, तेच दोन्ही बाजूंनी आलं की मुलाला भोगावं लागतं.

वर्गात असा एखादा मुलगा असतो. कवायतीत मागे राहतो, डोळे पिवळसर, महिन्यातून दोनदा गैरहजर. त्याला आळशी म्हणतात. शाळेच्या धावण्यात तो शेवटचा येतो. मला त्या मुलाबद्दल बोलायचं आहे, कारण आरोग्य म्हणजेच सद्गुण असं मानणाऱ्या समाजात त्याला जागा नाही. लंगड्या एपिक्टेटसच्या शाळेत त्याला जागा आहे. वेदनेची रात्र काढून सकाळी दप्तर उचलणारं पोर धैर्याच्या पाठात पहिलं आहे, १६०० मीटरची वेळ काहीही असो. पालकांनो, शिक्षकांनो, कवायतीच्या मास्तरांनो, त्या मुलाला धावायला लावू नका. त्याला पाणी पिऊ द्या, वर्गातून उठून पाणी प्यायची परवानगी मागायला लावू नका. थंडीत स्वेटर घालू द्या. एवढ्याने त्याची किती दुखणी टळतात ते डॉक्टरांना विचारा.

आणि इथे हातात असलेलं आणि नसलेलं यांची रेघ अगदी स्वच्छ दिसते. आपल्या रक्तात काय आलं ते आपल्या हातात नव्हतं. पण आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात २५ टक्के शक्यता असते की मूल पीडित जन्मेल. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, तो धावतो, खेळतो, भरतीला जातो. म्हणून त्याला माहीतच नसतं. ते माहीत करून घेणं मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट आहे. मोहीम सरकारची असेल, पण बोट पुढे करायचं आहे ते तुम्ही.

आपल्याकडे लग्न जुळवताना पत्रिका बघतात, शेती बघतात, नोकरी बघतात. रक्त कोण बघतं? वाहक असल्याचं कळलं तर मुलीचं लग्न मोडेल, या भीतीने घरं गप्प राहतात. ही भीती खरी आहे, मी तिला हलकं लेखत नाही. पण वाहक असणं हा दोष नाही, आणि वाहकाचं लग्न वाहक किंवा पीडित नसलेल्याशी झालं तर मूल पीडित होत नाही, हे गावागावात सांगायला धट्टीकट्टी माणसं लागतील. रोज पहाटे धावणारी माणसं लागतील, ज्यांचं ऐकलं जातं. तुमच्यातल्या किती जणांनी आजवर ही तपासणी केली आहे? हात वर करायला मी सांगत नाही.

माझी विनंती एवढीच आहे. भरतीला निघालेल्या प्रत्येक मुलाने आणि मुलीने या महिन्यात आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन सिकलसेलची तपासणी करून घ्यावी, सोबत घरातल्या अविवाहित भावंडांना न्यावं, आणि निकाल काहीही आला तरी तो लपवू नये. महाविद्यालयांनी तपासणीचा दिवस ठरवावा. लग्न जुळवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी पत्रिकेच्या आधी रक्ताचा कागद मागावा, दोन्ही बाजूंनी, मुलाकडूनही. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते आणि तिला थोडंसंच रक्त लागतं.